पुराचा गाळ आणि रंग मारलेली चिप

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, बेळगाव या पट्ट्यात जुने कॉम्प्युटर जमवून दुरुस्त करणारे आम्ही मोजकेच आहोत. कुणाकडे स्पेक्ट्रम हा ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर आहे, कुणाकडे विप्रोचा जुना पीसी, कोण नुसते फ्लॉपी ड्राइव्हच गोळा करतो, हे एकमेकांना पाठ असतं. एवढ्याशा गोतावळ्यात फसवणारा शिरला की त्याला फार फिरावं लागत नाही. माझ्यानंतर सांगलीचा एकजण त्याला आयता सापडला, आणि आमच्या आधीही कुणीतरी असणारच. म्हणून काय झालं ते तपशिलात लिहितोय. माणसाचं नाव देत नाही, कारण तक्रार अर्ज अजून पोलिसांकडे आहे. त्याची पद्धत ध्यानात राहिली तरी पुरे.

मशीन होतं बीबीसी मायक्रो, मॉडेल बी. एकॉर्न कंपनीनं १९८१ साली काढलेलं, ६५०२ प्रोसेसर २ मेगाहर्ट्झवर, मेमरी ३२ के. आपल्याकडे ते पोचलं शाळांमुळे. १९८४ मध्ये केंद्र सरकारनं 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला आणि निवडक शाळांना कॉम्प्युटर दिले, ते हेच. पुढं पीसी आले आणि ही मशीनं कपाटात गेली. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद असल्यामुळं कुणी मुख्याध्यापक ती टाकूनही देईना. कधीतरी एखाद्या शाळेत निर्लेखन होतं, म्हणजे जुन्या वस्तू नोंदीतून काढतात, भंगाराचा टेम्पो येतो आणि मोडक्या बाकांबरोबर एखादा बीबीसी मायक्रो बाहेर पडतो. असं खरंच घडतं, त्यामुळं ही गोष्ट कुणी सांगितली की पटते.

मला विकणाऱ्यानंही हीच सांगितली. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आले, पाठोपाठ आवाजातला निरोप: "शाळेचा डेडस्टॉक हाय भावा. वरच्या मजल्यावर कपाटात हुता, पाणी बघितलेलं न्हाई." मी पाण्याचं विचारलंही नव्हतं. पण आमच्याकडं यात वावगं वाटण्यासारखं काही नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांची पातळी ओलांडली होती, आणि धोक्याची पातळी आहे ४३ फूट. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. तेव्हापासून गाडी असो, फ्रिज असो की पाण्याची मोटर, कोल्हापुरात जुनी वस्तू विकणारा पहिलं वाक्य हेच बोलतो.

किंमत सांगितली २४ हजार. एवढी का, तर आत डिस्क इंटरफेस बसवलेला. जाणकारांना इथंच कळेल. या मशीनला डिस्क ड्राइव्ह जोडायचा तर बोर्डावर कंट्रोलर लागतो, आणि एकॉर्ननं सुरुवातीला त्यासाठी इंटेलची ८२७१ ही चिप घेतली. दुसऱ्या कुणी ती फारशी वापरली नाही. ती लवकर मिळेनाशी झाली आणि पुढं खुद्द एकॉर्नलाच १७७० या वेगळ्या चिपवर जावं लागलं. आज चालू ८२७१ सापडणं चालू मशीन सापडण्याइतकंच अवघड आहे. फोटोत ती बोर्डावर दिसत होती, अक्षरं पांढरीशुभ्र. सोबत एक छोटा व्हिडिओ: स्विच दाबला, ओळखीचा दोन सुरांचा आवाज आला, स्क्रीनवर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के', त्याखाली 'एकॉर्न डीएफएस' (डिस्क चालवणारा प्रोग्रॅम), त्याखाली 'बेसिक'. कॅप्स लॉकचा दिवा लागलेला. १८ हजारांवर सौदा ठरला. ८ हजार यूपीआयनं आधी, १० हजार रोख हातात.

मशीन घेऊन तो स्वतः आला नाही. मध्यवर्ती बस स्थानकाच्या बाहेर एका पोराला पाठवलं. खोक्याला इतकी चिकटपट्टी की कात्रीशिवाय उघडता येऊ नये. "मालकांनी सांगितलंय, हितं उघडू नका, धुरळा जाईल आत." पोराला बिचाऱ्याला आत काय आहे तेही ठाऊक नव्हतं. मागून कळलं की सांगलीकरालाही असंच पोरगं भेटलं होतं. विकणारा समोर नसला की तपासायचं कुणापुढं?

घरी आणून मी ते लाइटला लावलं नाही. चाळीस वर्षांचं कोणतंही मशीन मी आधी उघडतोच, कारण या पॉवर सप्लायमध्ये मेन्स फिल्टरचा एक पिवळट पारदर्शक कपॅसिटर असतो. त्याच्या कवचाला तडे जातात, आत ओल शिरते, आणि वीज दिली की तो घरभर धूर करून फुटतो. धडधाकट मशीनमध्येसुद्धा तो आधी बदलायचा असतो.

केस काढायला चार स्क्रू, त्यांच्या शेजारी 'फिक्स' असं लिहिलेलं असतं. चारही नवे होते, हार्डवेअरच्या दुकानातले चकचकीत स्टीलचे. झाकण काढलं तर बोर्ड लख्ख. ते लख्खपणच खटकलं. शाळेच्या कपाटातून आलेल्या मशीनमध्ये धूळ हवी, जळमटं हवीत, एखादं वाळकं झुरळ हवं. इथं काहीच नाही. आणि मग वास आला. पुराच्या गाळाचा वास कोल्हापुरात कुणाला शिकवावा लागत नाही. आठवडाभर पाणी राहिलेल्या घराचं दार पहिल्यांदा उघडलं की येतो, तोच.

पॉवर सप्लायचा पत्र्याचा डबा खोलला. तो धुतलेलाच नव्हता. आत राखाडी गाळाचा थर वाळून भेगाळलेला, ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांत मुरलेला, आणि तो पिवळा कपॅसिटर अर्धा त्याच्यात. मशीन तसंच लावलं असतं तर २३० व्होल्ट त्या मातीतून कुठं कुठं गेले असते, देव जाणे. बोर्डावरच्या चिपा एकेक उचलल्या. वरून स्वच्छ, पण प्रत्येक सॉकेटच्या पोटात गाळाची बारीक रेघ. पाय काळे पडलेले, काही तर सॉकेटमध्येच तुटून राहिले. कीबोर्डच्या बटणांखालीही तेच.

८२७१ मात्र फार सुंदर होती, पाय चकचकीत. आजूबाजूच्या सगळ्या चिपा पुरात भिजल्या आणि हिच्यावर थेंब पडला नाही, असं कसं होईल? कापसाच्या बोळ्यावर अ‍ॅसिटोन घेऊन पृष्ठभाग पुसला. बोळा काळा झाला. नकली चिपा विकणारे सहसा मूळ अक्षरं घासून काढतात, वर काळा थर देतात आणि हवा तो नंबर छापतात. या पठ्ठ्याला माल देणाऱ्यानं घासायचाही आळस केला होता. रंगाखालून पुसट अक्षरं वर आली: ८२५५. डिप्लोमाला मायक्रोप्रोसेसर शिकलेल्या प्रत्येकानं ही चिप प्रयोगशाळेत हाताळलीय. तीही चाळीस पायांचीच, त्यामुळं सॉकेटमध्ये बसते, आणि किरकोळ पैशात मिळते.

फोन लावला.

"भावा, जुनी वस्तू हाय. जुन्याला गॅरंटी असती व्हय?"

"अहो, पुराचं पाणी लागलंय तिला."

"कोल्हापुरात पाणी कुणाला लागलं न्हाई?"

"आणि ती चिप?"

"चिपातलं मला काय कळतंय? शाळेनं दिली तशी तुला दिली. चालू हुता बघ, व्हिडिओ धाडलाय. येताना एसटीत आदळला असंल."

या छंदात फसवणूक पकडणं अवघड जातं ते नेमकं इथं. मशीन बंद निघणं ही आमच्यात रोजची गोष्ट आहे. विकणाऱ्याला त्यातलं काही कळत नसणं, हेही रोजचंच. त्यामुळं ज्याला सगळं कळतं त्यानं अडाणीपणाचं सोंग घेतलं की तो सुटतो. वस्तू बिघडलेली होती एवढं दाखवून काही साधत नाही. बिघाड त्याला माहीत होता आणि त्यानं तो लपवला, हे दाखवावं लागतं.

मग मी व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. फंक्शन बटणांच्या वर जी पारदर्शक पट्टी असते ती व्हिडिओत अख्खी होती, माझ्याकडं आलेल्या मशीनची तडकलेली. ती वाटेत तडकली म्हणता येईल. पण व्हिडिओतल्या स्क्रीनवर डीएफएसची ओळ होती, म्हणजे त्या मशीनमध्ये डिस्कचा रॉम, कायमचा प्रोग्रॅम भरलेली चिप, होता. माझ्या बोर्डावर रॉम दोनच, ऑपरेटिंग सिस्टिमचा आणि बेसिकचा. तिसरा रॉम बंद केसमधून एसटीत गळून पडत नाही. व्हिडिओ दुसऱ्याच मशीनचा होता.

दरम्यान सांगलीच्या गृहस्थांनी त्यांच्या मशीनचे फोटो पाठवले. मला आलेल्या फोटोंत आणि त्यांना आलेल्या फोटोंत काडीचा फरक नव्हता. आम्ही दोघं मिळून, न कळवता, त्याच्या शहराबाहेरच्या गोडाऊनवर गेलो. दारातच सर्व्हिसिंग सेंटरला असतो तसला पाण्याच्या प्रेशरचा पंप. बाजाराच्या आदल्या दिवशी म्हशी धुतात तसे मदरबोर्ड धुऊन तारेवर उन्हात टांगलेले. आत टेबलावर चिपांची प्लॅस्टिकची नळी, आणि तिच्यात ८२७१ ओळीनं, सगळ्यांवर एकच लॉट नंबर, सगळ्यांची अक्षरं पांढरीशुभ्र. जी चिप जगभरचे लोक जुन्या बोर्डांवरून काढून जपून ठेवतात, ती इथं नळीभर! 'मला काय कळतंय' हे पुन्हा त्याच्या तोंडून निघालं नाही. त्यानं मला ६ हजार आणि सांगलीकरांना ४ हजार तिथल्या तिथं दिले. बाकीचे 'दिवाळीला'. दिवाळी होऊन गेली.

पोलीस ठाण्यात अंमलदार माणूस बरा होता, पण त्याचा पहिला प्रश्न: "जुना कॉम्प्युटर, तोही बंद, १८ हजारांना? कशाला घेतला ओ?" हे समजावण्यात बराच वेळ गेला. तिथं उपयोगी पडलं ते एकच: चालू असल्याचा व्हिडिओ पाठवून विकला, आणि तो व्हिडिओ या वस्तूचा नाही. अर्ज त्यावरच लिहिला, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, फसवणुकीचा. यूपीआयच्या रकमेसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. ऑनलाइन पैसे गेले असतील तर हा फोन जितका लवकर कराल तितका बरा, कारण पैसे पुढच्या खात्यातून निघून गेले की थांबवायला काही उरत नाही. रोख दिलेल्या १० हजारांची मात्र कुठंच नोंद नाही. रोख मागण्याचं कारण आता वेगळं सांगायला नको.

आता मी व्हिडिओ मागत नाही, व्हिडिओ कॉल मागतो, तोही झाकण काढलेल्या अवस्थेत. बेसिकमध्ये मी सांगेन तो शब्द टाइप करून प्रिंट करायला लावतो. डिस्क इंटरफेस आहे म्हणत असेल तर पेजची, म्हणजे बेसिकचा प्रोग्रॅम मेमरीत जिथून सुरू होतो त्या पत्त्याची, किंमत हेक्समध्ये छापायला सांगतो: साध्या मशीनवर ती ई०० येते, एकॉर्नचा डिस्क रॉम असेल तर १९००. चिप खरी आहे का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी ड्राइव्ह लावून फ्लॉपीवरच्या फाइलींची यादी दाखवावी लागते. आणि पॉवर सप्लाय उघडून दाखवायला सांगतो. बोर्ड धुता येतो, तो डबा कुणी धूत बसत नाही. खरा विकणारा यातलं निम्मं तरी आनंदानं करतो. दुसऱ्या जातीचा विकणारा "घ्यायचं तर घे, गिऱ्हाईक थांबलंय" म्हणतो.

पीसी घेणाऱ्यांनी घड्याळाच्या बॅटरीची जागा पाहावी. ३८६ आणि ४८६ या जुन्या पीसींच्या बोर्डांवर तिथं निकेल-कॅडमियमची पिंपासारखी बॅटरी असते. ती गळली की भोवतीचे तांब्याचे मार्ग हिरवे होऊन खाल्ले जातात. बॅटरी कापून, जागा खरडून वर स्टिकर चिकटवलेले बोर्ड मी पाहिलेत. केस फार पांढरी असेल तर तीही संशयानंच बघा. पिवळं पडलेलं प्लॅस्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की उजळतं. आम्हीही ते करतो, पण करून 'कधी वापरलंच नाही' असं सांगत नाही. स्पेक्ट्रमवाल्यांनी झेड-८० चिपा, म्हणजे त्याचे प्रोसेसर, घेताना हात आखडता घ्यावा. ती बनवणाऱ्या झायलॉग कंपनीनं २०२४ मध्ये जुन्या झेड-८० च्या शेवटच्या ऑर्डरी घेतल्या, आणि माल संपत आला की रंगवणारे पुढं येतातच.

माझ्या मशीनचा बोर्ड अल्कोहोलनं धुऊन, सॉकेट बदलून बघतोय. चालेल असं वाटत नाही. त्या माणसानं नंबर बदललाय. हल्ली त्याच्याकडं म्हणे एक ३८६ आलाय, बँकेतला, वरच्या मजल्यावरचा. फोटोत मागं पोपटी ऑइलपेंटची भिंत आणि टेबलावर लाल फुलांचं प्लॅस्टिक दिसलं, तर पैशाचं बोलायच्या आधी त्याला पॉवर सप्लाय उघडून दाखवायला सांगा.