लिनक्सवर गाण्यांसाठी प्लेअर: बहुतेकांना स्ट्रॉबेरी, शास्त्रीयवाल्यांना क्वॉड लिबेट

लिनक्सचं मिंट वितरण टाकलं की रिदमबॉक्स सोबत येतो, उबुंटूत विस्तारित निवड घेतली तर येतो, आणि केडीई डेस्कटॉपवर बहुधा एलिसा. शे-दोनशे फायली असतील तर तेवढ्यावर छान भागतं. पण कॅसेटवरून उतरवलेली नाट्यपदं, सीडीवरून घेतलेली भावगीतं आणि कुणाकुणाच्या पेनड्राइव्हवरून आलेली चित्रपटगीतं असा संग्रह हजारांत गेला, की प्लेअरचा कस लागतो. आवाजात फारसा फरक नसतो. स्ट्रॉबेरी, रिदमबॉक्स, क्वॉड लिबेट हे सगळे गाणं वाजवण्याचं काम जीस्ट्रीमर या पडद्यामागच्या सॉफ्टवेअरकडेच सोपवतात. फरक पडतो तो गाणं सापडण्यात.

आपल्याकडे चित्रपटगीत किंवा भावगीत शोधायचं तर संगीतकारावरून शोधायची सवय असते. रिदमबॉक्सच्या ब्राउझरमध्ये प्रकार, कलाकार आणि अल्बम एवढेच रकाने आहेत. स्ट्रॉबेरीत डाव्या बाजूच्या संग्रहाची मांडणी बदलता येते: ‘ग्रुप बाय’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड ग्रुपिंग’ उघडा, पहिल्या पातळीला कंपोझर, दुसऱ्या पातळीला अल्बम ठेवा. संगीतकार, त्याखाली चित्रपट, त्याखाली गाणी असं झाड तयार होतं. या एका सोयीसाठी स्ट्रॉबेरी घ्यावा.

त्याचं घराणंही जुनं आहे. केडीईच्या अमारोक १.४ पासून क्लेमेंटाइन निघाला. २०१६च्या १.३.१ आवृत्तीनंतर तो रेंगाळला, आणि २०१८मध्ये त्यातून स्ट्रॉबेरी फुटून निघाला. म्हणून दिसायला तो जरा दाटीवाटीचा, मेनूंनी भरलेला आहे. आठवडाभरात सवय होते.

पहिल्यांदा संग्रह वाचून झाला की हमखास एक तक्रार येते: एकाच चित्रपटाचे पाच अल्बम दिसतात. कारण साधं आहे. प्रत्येक गाण्याचा गायक वेगळा आणि ‘अल्बम आर्टिस्ट’ हा टॅग (फाइलमध्येच लिहिलेली माहितीची नोंद) रिकामा, त्यामुळे प्लेअर दर गायकामागे नवा अल्बम धरतो. अल्बममधली सगळी गाणी एकदम निवडा, टॅग संपादन उघडा, अल्बम आर्टिस्टमध्ये संगीतकाराचं नाव एकदाच लिहा आणि साठवा. टॅगला हात लावायचा नसेल तर उजव्या क्लिकवर ‘विविध कलाकारांत दाखवा’ असा पर्याय आहे, पण तो फक्त स्ट्रॉबेरीपुरता. फाइल दुसऱ्या यंत्रावर गेली की पुन्हा तोच पसारा. टॅग आपोआप भरण्यासाठी म्युझिकब्रेन्झ या ऑनलाइन माहितीसाठ्याची सोय आहे, पण मराठी गाण्यांना नावं बऱ्याचदा रोमन लिपीत येतात. साठवण्याआधी बघून घ्या.

देवनागरी टॅगांचा त्रास प्लेअर बदलून जात नाही. अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर फाइल ठीक आहे, फाँट नाही. नोटो किंवा लोहित देवनागरी फाँट बसवा. चौकोनांऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसली तर मात्र ते टॅग युनिकोडच्या आधीच्या एखाद्या डीटीपी फाँटमध्ये टाइप केलेले असण्याची शक्यता मोठी. तिथे एन्कोडिंग बदलून काही होत नाही. त्या फाँटचा कन्व्हर्टर शोधा, नाहीतर हाताने लिहा. तिसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो: नुक्ता असलेल्या ऱ ने, किंवा साध्या र नंतर हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे, शोधखिडकीला वेगळे. म्हणून शोधताना अख्खा शब्द टाइप करू नका. ‘दुस’ एवढंच टाका.

शास्त्रीय संगीताचा संग्रह असेल तर स्ट्रॉबेरी अपुरा पडतो, कारण रागाला रकानाच नाही. लोक राग ‘जॉनर’मध्ये कोंबतात, मग ख्याल, ठुमरी, अभंग कुठे लिहायचं हा प्रश्न उरतो. क्वॉड लिबेट इथे सरस आहे. त्यात हवा तो नवा टॅग तयार करता येतो. टॅगचं नाव रोमन लिपीतच द्यावं, मजकूर खुशाल देवनागरीत लिहावा. राग, ताल, वादक असे टॅग घाला, ‘पेन्ड ब्राउझर’च्या पसंतीत जाऊन तेच रकाने निवडा, की ‘यमन’वर क्लिक करून सगळ्यांचे यमन एकाखाली एक. शोधातही अटी जोडता येतात: अमुक राग आणि लांबी वीस मिनिटांहून जास्त. पाऊण तासाच्या मैफलीत द्रुत कुठे सुरू होतं तिथे बुकमार्क ठेवता येतो. हा बुकमार्क फाइलमध्ये नाही, प्लेअरच्या स्वतःच्या नोंदीत राहतो.

एक पथ्य पाळा: असे टॅग फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता दाबलेल्या) फायलींत टाका. तिथे ते सरळ लिहिले जातात आणि इतर सॉफ्टवेअरलाही दिसतात. एमपीथ्रीत क्वॉड लिबेट त्यांना स्वतःचं नाव चिकटवून लिहितो, त्यामुळे दुसरे प्लेअर त्यांना सहसा ओळखत नाहीत. एम४एमध्ये तर असे टॅग घालताच येत नाहीत. हा प्लेअर पायथनमध्ये लिहिलेला आहे, मोठा संग्रह पहिल्यांदा वाचायला वेळ घेतो. रात्री लावून ठेवा.

जुन्या, कमी मेमरीच्या यंत्राला ऑडेशस द्या. फोल्डर उचलून खिडकीत टाका, वाजायला लागतं. विनॅम्पच्या जुन्या स्किनही चालतात. व्हीएलसी व्हिडिओसाठी उत्तम आहे, पण दोन ट्रॅक सलग जोडून वाजवत नाही. मैफलीची सीडी विलंबित आणि द्रुत अशी तोडलेली असेल तर सांध्यावर ठेका तुटतो आणि कानाला खटकतंच.

कॅसेटची एक बाजू म्हणजे एक लांबलचक फाइल असेल तर ती कापत बसू नका. सोबत क्यू फाइल, म्हणजे कोणतं पद कुठल्या वेळेला सुरू होतं याची साधी यादी, लिहा. स्ट्रॉबेरी आणि ऑडेशस दोघेही ती वाचतात आणि पदं वेगवेगळी दाखवतात. वेळ मिनिटं, सेकंद आणि फ्रेम अशी लिहायची, एका सेकंदात ७५ फ्रेम. क्यू चालली नाही तर आधी आतलं फाइलचं नाव बघा: मूळ वेव्ह फाइलची फ्लॅक केली, पण क्यूमध्ये जुनंच नाव राहिलं, हे नेहमीचं. आणि क्यू यूटीएफ-८ (युनिकोड) मध्येच साठवा, नाहीतर मराठी नावांची वाट लागते.

बसवताना शक्यतो डिस्ट्रोच्या (तुमच्या लिनक्स वितरणाच्या) भांडारातून घ्या. फ्लॅटपॅक (कुठल्याही डिस्ट्रोवर चालणारं पॅकेज) घेतलं तर ते पेटीबंद चालतं, आणि बाहेरच्या डिस्कवरचं फोल्डर त्याला दिसेलच असं नाही. फ्लॅटसील हे परवानग्यांचं ॲप उघडून फाइलसिस्टीमच्या परवानग्यांत त्या डिस्कचा मार्ग जोडा. एमपीथ्री वाजतात पण एम४ए वाजत नाहीत, असं झालं तर एएसीचा (एम४एमधल्या आवाजाच्या प्रकाराचा) कोडेक, म्हणजे तो उलगडणारा भाग, नाही. उबुंटूत जीस्ट्रीमरचं लिबएव्ही पॅकेज बसवा, फेडोरात गरज पडली तर आरपीएम फ्युजन भांडार जोडा.

‘बिट परफेक्ट’चा, म्हणजे फाइलमधला आवाज जसाच्या तसा साउंडकार्डपर्यंत जाण्याचा, आग्रह असेल तर स्ट्रॉबेरीच्या बॅकएंडमध्ये अल्सा (साउंडकार्डशी थेट बोलणारा लिनक्सचा थर) आणि थेट हार्डवेअरचं उपकरण निवडता येतं. पण मग ते साउंडकार्ड एकट्या स्ट्रॉबेरीच्या ताब्यात जातं, ब्राउझर मुका होतो. आणि ब्राउझर आधीच वाजत असेल तर स्ट्रॉबेरी ‘उपकरण व्यस्त’ म्हणून अडतो. पाइपवायर, म्हणजे सगळ्या ॲपांचा आवाज एकत्र करणारी लिनक्सची सेवा, मुळात सगळं ४८,००० हर्ट्झवर नेते. त्यापेक्षा तिच्या परवानगीच्या दरांत सीडीचा ४४,१०० हा दर जोडा. दुसरं काही आधीच वाजत नसेल तर सीडीवरून घेतलेली गाणी मग मूळ दराने जातात आणि बाकीचे आवाजही चालू राहतात. सध्याचा दर ‘पीडब्ल्यू-टॉप’ या कमांडमध्ये दिसतो. याहून जास्त कानाला रिप्लेगेन (सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीला आणणारी नोंद) जाणवतो: एकेकाळच्या तबकड्यांवरचा दबका आवाज आणि आजची ठणठणीत मास्टरिंग एका यादीत आली की हात सतत आवाजाच्या बटणावर जातो. ही नोंद करणारं ‘आरएसगेन’ एकदा अख्ख्या फोल्डरवर चालवा. मिश्र यादीसाठी ट्रॅक, मैफलीसाठी अल्बम असा प्रकार निवडा.

गाणी विंडोजच्या विभागावर असतील तर तो विभाग सुरुवातीलाच जोडला जाईल असं ‘डिस्क्स’ ॲपमधल्या माउंट पर्यायांत ठरवा. नाहीतर प्लेअर आधी उघडतो, फोल्डर सापडत नाही आणि रिदमबॉक्स सगळी गाणी ‘हरवलेल्या फायलीं’त टाकतो. गाण्यांच्या याद्या साठवताना मार्ग सापेक्ष (यादीच्या फाइलपासून मोजलेला) ठेवा. स्ट्रॉबेरीत तसा पर्याय आहे. पूर्ण मार्गाने साठवलेली यादी डिस्कचं नाव बदललं की एकही गाणं वाजवत नाही.