दोन झिऑन ई५-२६८० व्ही४ की एक एपिक ९३५४पी : कोर जवळजवळ तेवढेच, फरक मेमरीचा

इंटेलचा झिऑन ई५-२६८० व्ही४ हा २०१६ सालचा प्रोसेसर आजही अनेक कार्यालयांच्या सर्व्हर-खोल्यांत निमूटपणे राबतो आहे, आणि डेलच्या आर७३० किंवा एचपीईच्या डीएल३८० जेन९ अशा दोन सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवण्याची जागा) यंत्रांत त्याची जोडी हमखास आढळते. एएमडीचा एपिक ९३५४पी हा नोव्हेंबर २०२२ मध्ये बाजारात आलेल्या ‘जेनोआ’ पिढीतला, खास एका सॉकेटच्या यंत्रांसाठी काढलेला प्रोसेसर आहे. जुन्या जोडीत १४ आणि १४ मिळून २८ कोर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग), तर नव्यात एकट्याचे ३२. केवळ हे आकडे पाहिले तर एवढ्या चार कोरांसाठी यंत्र बदलायचे कशाला, असे वाटणे साहजिक आहे.

एकाच कोरवर चालणारे काम घेतले, उदाहरणार्थ मोठ्या अहवालाची एखादी क्वेरी किंवा लॉगची जाडजूड फाइल कॉम्प्रेस करणे, तर नवा प्रोसेसर जुन्याच्या निम्म्याच्या आसपास वेळात मोकळा होतो. घड्याळाचा वेग मात्र त्या प्रमाणात वाढलेला नाही: जुन्याचा कमाल ३.३ गिगाहर्ट्झ, नव्याचा ३.८. उरलेला फरक प्रत्येक ठोक्यात होणाऱ्या कामाचा आणि डेटा वेळेवर हाती येण्याचा आहे.

डेटा वेळेवर येणे हाच या तुलनेचा गाभा आहे. जुन्या प्रोसेसरला डीडीआर४-२४०० मेमरीचे चार चॅनेल, म्हणजे मेमरीकडून डेटा येण्याच्या चार वाटा आहेत. त्यामुळे डेटा येण्याची कागदोपत्री मर्यादा प्रत्येक सॉकेटला सेकंदाला ७६.८ गिगाबाइट आणि जोडीला १५३.६ गिगाबाइट. नव्याला डीडीआर५-४८०० चे बारा चॅनेल आहेत, आणि ते सगळे भरले तर ही मर्यादा ४६०.८ गिगाबाइटवर जाते. ‘सगळे भरले तर’ हे शब्द खरेदीदाराने अधोरेखित करावेत, कारण कोटेशनमध्ये ‘१२८ जीबी रॅम’ एवढेच लिहून प्रत्यक्षात ६४ जीबीच्या दोन स्टिक बसवून देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. दोन स्टिक म्हणजे दोनच चॅनेल, आणि त्यांची बेरीज होते बरोबर ७६.८ गिगाबाइट, म्हणजे २०१६ च्या एका प्रोसेसरइतकीच. भरपूर पैसे मोजून आणलेले यंत्र या एका ओळीपायी मेमरीच्या बाबतीत जुन्या जोडीच्या निम्म्यावर येते, आणि दोष मात्र प्रोसेसरवर जातो. त्यापेक्षा १६ जीबीच्या बारा स्टिक घेऊन १९२ जीबी करणे केव्हाही शहाणपणाचे. जुनी डीडीआर४ मेमरी नव्या बोर्डावर बसत नाही, त्यामुळे हा खर्च टळणारा नाहीच.

कॅशच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या पण वेगवान मेमरीच्या, आकड्याकडेही जरा सावधपणे पाहावे. नव्याची २५६ मेगाबाइट एल३ कॅश जाहिरातीत एकसंध वाटते, पण ती आठ चिपलेटमध्ये (प्रोसेसर ज्यांनी बनतो त्या छोट्या चिपांत) प्रत्येकी ३२ मेगाबाइट अशी विभागलेली असून त्या-त्या ३२ मेगाबाइटवर चारच कोरांचा हक्क असतो. जुन्यात ३५ मेगाबाइट १४ कोरांत वाटून घ्यावी लागते. दर कोरामागे हिशेब केला तर अडीचच्या जागी आठ मेगाबाइट, आणि खरी सुधारणा आहे ती एवढी. तीही थोडीथोडकी नव्हे.

जुन्या जोडीचा आणखी एक जाच एका सॉकेटमुळे संपतो. डेटाबेसची प्रक्रिया एका प्रोसेसरवर आणि तिला लागणारा डेटा दुसऱ्याच्या मेमरीत असे झाले की प्रत्येक वाचनाला पलीकडच्या सॉकेटपर्यंत हेलपाटा पडतो, आणि त्यासाठी कामे ठरावीक प्रोसेसरशी हाताने बांधून देण्याची कसरत करावी लागते. शिवाय जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीवरचा, काम थोडे मंदावणारा उपाय जुन्या प्रोसेसरला कायमचा चिकटलेला आहे. लिनक्सवर ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा चालवली की जुन्या यंत्रावर मेल्टडाउनपुढे ‘मिटिगेशन: पीटीआय’ (म्हणजे हा उपाय लागू आहे) असे दिसते, तर नव्यावर ‘नॉट अफेक्टेड’. सतत बारीकसारीक सिस्टिम कॉल (ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागण्या) करणाऱ्या कामांत या उपायाची किंमत जाणवते. निव्वळ आकडेमोडीत ती फारशी जाणवत नाही.

विजेच्या बचतीचे दावे मात्र तपासून घ्यावेत. जुन्या जोडीचा टीडीपी (भरपूर कामात बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा, म्हणजे साधारण विजेच्या वापराचा आकडा) २४० वॉट, नव्याचा २८०. एकास एक बदल केला तर बिल उतरेलच असे नाही, आणि रिकामे बसलेले असतानाही हे नवे यंत्र फार काटकसरी नसते. बचत होते ती दोन-तीन जुन्या सर्व्हरांचे काम एका नव्यावर आणल्यावर. अखंड चालणारे दर १०० वॉट म्हणजे वर्षाला ८७६ युनिट. वातानुकूलनाचा खर्च त्यावर वेगळा.

सॉफ्टवेअरचा परवाना कोरवर आकारला जात असेल, तर ३२ कोरांचा मोह आवरून १६ कोरांचा, ४.१ गिगाहर्ट्झ मूळ वेगाचा एपिक ९१७४एफ पाहावा.

बॅकअप, फाइल सर्व्हर किंवा शिकण्यासाठीची प्रयोगशाळा एवढीच गरज असेल, तर जुनी जोडी अजूनही पैसा वसूल आहे. मात्र लॅमिंग्टन रोडवर वा अन्यत्र वापरलेले यंत्र घेताना मॉडेलच्या शेवटची ‘व्ही’ ही खूण वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. व्ही३ आणि व्ही४ मध्ये एव्हीएक्स२ हा एका वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या आज्ञांचा संच आहे. व्ही२ मध्ये नाही, आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ला ते लागते. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन यंत्रांपैकी स्वस्तातले यंत्र नेमके व्ही२ चे निघण्याची शक्यता बरीच असते.