अण्णांची दुनळी आणि जुन्या नाशकातलं एक दुकान

पहिल्या भेटीत शस्त्रांच्या दुकानातल्या काकांनी मला अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दुनळी बंदुकीची किंमत सांगितलीच नाही. मी विकायचं ठरवूनच गेले होते. आकडा ऐकायचा, भावाला फोन करायचा, कागदांवर सह्या करायच्या आणि मोकळं व्हायचं. काकांनी चहा मागवला, बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री केली, मग मिटवून ती हातभर लांब धरली, वरून एक डोळा मिटून पाहिलं आणि विचारलं, "ताई, वडील डावखुरे होते का?"

होते. पण हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी बंदूक माझ्याकडे वळवून दाखवली. नळ्यांच्या सरळ रेषेत मागे पाहत गेलं की दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, किंचित डावीकडे झुकलेला दिसतो, जेमतेम बोटाच्या पेराएवढा. उजव्या हाताने नेम धरणाऱ्यांसाठी तो उजवीकडे झुकवतात. आमचा कोणीतरी गरम तेल देऊन, लाकूड मऊ करून, मुद्दाम डावीकडे वळवून घेतला होता. अण्णांनी ही दुनळी 1971 साली देवळालीत एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडून घेतली. मला कळायला लागल्यापासून ती घरात आहे. दर खंडेनवमीला तिच्यावर झेंडूची फुलं मीच वाहिली आहेत. तरी तिच्या अंगाला असा बाक आहे हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं.

दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, कारण काकांनी तशी विनंती केली. शस्त्रांच्या दुकानात नुसतं बघायला येणाऱ्यांचा त्यांना फार त्रास होतो. जुन्या नाशकात आहे, तिसऱ्या पिढीच्या हातात आहे, आणि ज्याच्या घरात परवान्याचं शस्त्र आहे त्याला शोधायला अडचण येणार नाही. आमची ओळख 2020 सालची. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील असं ठरलं आणि तिसऱ्याची सोय लावायला वर्षभराची मुदत मिळाली. अण्णांकडे पॉइंट टू-टू रायफलही होती. ती त्यांनी याच दुकानामार्फत विकली. आधी लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागलं होतं. त्या दिवसांत अण्णा रोज रायफल पुसायचे. बोलले काही नाहीत.

अण्णा गेल्यावर उरलेली दोन, म्हणजे वेब्ली अँड स्कॉट या इंग्लिश कंपनीची ही बारा बोअरची दुनळी आणि कानपूरच्या कारखान्याचं पॉइंट थ्री-टू रिव्हॉल्व्हर, आम्ही पोलिसांना कळवून जमा केली. वारस असलो तरी आपल्या नावाचा परवाना नसेल तर ती घरात ठेवता येत नाहीत, हे अनेकांना माहीत नसतं. "वडिलांचा परवाना आहे की" म्हणून लोक महिनोन्‌महिने कपाटात ठेवून देतात, आणि तो गुन्हा होतो. पुढे परवानगी घेऊन दोन्ही शस्त्रं काकांच्या ताब्यात दिली. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे, अशी दोन्हींकडे ठेवता येतात. मग ठरावीक मुदतीत एकतर वारसाने परवाना काढायचा, नाहीतर परवाना असलेल्या कोणाला विकायचं. काहीच केलं नाही तर सरकारजमा.

भावाचं म्हणणं स्पष्ट होतं: विकून टाक. तो पुण्याला फ्लॅटमध्ये राहतो, घरात लहान मुलं आहेत, त्याचं चूक नाही. एका दुसऱ्या शहरातल्या दुकानदाराने तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवून दहा मिनिटांत निकाल दिला. जुना माल, डावा दस्ता, कोणी घेत नाही, दोन्ही मिळून पंचवीस हजार, उद्याच माणूस पाठवतो. माझा होकार ओठांवर आला होता. अण्णांचं आजारपण, दवाखाने, मग सातबारावर वारसनोंद. आणखी एका गोष्टीचा निर्णय घ्यायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

म्हणून काकांनी त्या दिवशी जे दीड तास केलं त्याचं मोल मला फार वाटतं.

आधी त्यांनी पुढचा लाकडी भाग काढला, बंदूक मिटवली आणि कानाशी धरून हलवली. सांधा सैल असेल तर खुळखुळ ऐकू येते. नाही आली. मग नळ्या सुट्या केल्या, खालच्या लोखंडी आकड्यात सुतळी अडकवून टांगल्या आणि नखाने टिचकी मारली. भांडी बाजारात काशाची वाटी घेताना आपण मारतो तशीच. आवाज स्वच्छ निघाला आणि रेंगाळत राहिला. दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्टीचा डाख कुठे सुटला असेल तर आवाज बद्द येतो. "ऐका, अजून वाजतेय," काका म्हणाले. त्यांच्या मुलानेही हातातलं काम थांबवलं. दुकानात काही क्षण तेवढाच एक आवाज होता.

नंतर नळ्या ट्यूबलाइटकडे धरून आतून दाखवल्या. डावी आरशासारखी. उजवीत तोंडापासून वीतभर आत बारीक खड्डे, देवीच्या व्रणांसारखे. काकांनी विचारलं, पावसाळ्यात कातडी पिशवीत ठेवत होता का? अण्णा शेवटची दोन वर्षं अंथरुणाला होते. आम्ही जपून ठेवायची म्हणून पिशवीतच ठेवली होती. कातडं ओल धरून ठेवतं आणि तीच ओल लोखंड खाते. उघड्या कपाटात तेलाचा हात देऊन ठेवली असती तर वाचली असती. ही आमची चूक, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

नळ्यांच्या सपाट पोटावर बर्मिंगहॅमच्या चाचणीचे शिक्के आहेत. मुकुटाखाली बी एन पी, म्हणजे ही धूररहित दारूसाठी तपासलेली आहे. शेजारी 2½. हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, असं काकांनी दोनदा बजावलं. काडतुसाची जागा अडीच इंची, म्हणजे 65 मिलिमीटरची आहे. आज मिळणारी बहुतेक काडतुसं 70 मिलिमीटरची. ती आत बसतात, म्हणून माणूस फसतो. पण बार होताना त्यांचं दुमडलेलं तोंड उलगडायला जागा पुरत नाही आणि दाब नको तितका वाढतो. जो विकत घेईल त्याला हे लिहून द्यायचं, आणि ठेवलीत तर स्वतः विसरायचं नाही. (मी गणित शिकवायचे, म्हणून त्यांनी आणखी एक सांगितलं. नळीच्या व्यासाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं म्हणून बारा बोअर. सोळा भरल्या तर सोळा बोअर. आकडा मोठा तशी नळी लहान. हे मी वर्गात सांगितलं असतं तर मुलांना व्यस्त प्रमाण एका दिवसात कळलं असतं.)

एवढं झाल्यावर किंमत. रिव्हॉल्व्हरला गिऱ्हाईक लगेच मिळेल म्हणाले, आणि जो आकडा दिला तो त्या फोनवरच्या दोन्हींच्या आकड्यापेक्षा जास्त होता. दुनळीबद्दल त्यांनी दोन बाजू मांडल्या. ऐंशीच्या दशकात खासगी आयात बंद झाल्यापासून अशा इंग्लिश बंदुका नव्याने येत नाहीत, त्यामुळे जाणकार मिळाला तर चांगले पैसे देईल. पण डावा दस्ता, छोटी जागा आणि उजव्या नळीतले खड्डे, यामुळे तो जाणकार मिळायला वर्ष लागेल. "मला आज द्याल तर मी आज घेईन, पण कमीत घेईन. ते तुमच्या फायद्याचं नाही," असं ज्याला त्यातून नफा होणार होता त्यानेच मला सांगितलं.

मग त्यांनी जे विचारलं त्यावर माझा निर्णय झाला. "ठेवलीत तर साफ कोण करणार?"

आठवण म्हणून ठेवणारे पुष्कळ येतात, दोन वर्षांनी गंजलेली नळी घेऊन परत येतात, असं ते म्हणाले. माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. रात्री विचार केला तेव्हा रिव्हॉल्व्हरचं कोडं आपोआप सुटलं. अण्णांनी ते घेतलं होतं द्राक्षाच्या हंगामात पिंपळगावहून रोख घेऊन रात्री मळ्यावर परतताना जवळ असावं म्हणून. आता पैसे बँकेत येतात, मळा खंडाने दिला आहे आणि मी गंगापूर रोडला राहते. त्याची गरज संपली. ते गेलं तर मला काही वाटणार नव्हतं, आणि खरंच वाटलं नाही. कायद्याने मी दोन्ही ठेवू शकले असते, पण कामाशिवाय भरता येईल असं शस्त्र घरात नको.

दुनळी मी ठेवतेय. दुसऱ्या दिवशी जाऊन काकांना सांगितलं, "साफ मी करणार, शिकवा." त्यांनी शिकवलं. गजाला फडकं गुंडाळून नेहमी मागच्या बाजूने घालायचं. तेल थेंबभरच, जास्त झालं तर ते दस्त्यात मुरतं आणि लाकूड कुजतं. नळ्यांना उघडा हात लागला की घामाचा ठसा पुसायचाच. आणि उचलली की सगळ्यात आधी उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं, समोरच्याने आत्ताच पाहिलेलं असलं तरी. पहिल्यांदा मी हे विसरले तेव्हा त्यांनी बंदूक माझ्या हातातून काढून घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावली.

आता उण्या गोष्टी. गाडी लावायला जागा अजिबात नाही, रिक्षानेच जावं. फोन क्वचित उचलतात. कागदपत्रांची यादी तोंडी सांगतात, त्यामुळे भावाचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागतं हे मला तिसऱ्या खेपेला कळलं. यादी छापून दिली तर माझ्यासारखीच्या दोन चकरा वाचतील. ताब्यात ठेवण्याचं महिन्याला दोनशे रुपये घेतात, पावती मात्र त्याच दिवशी, शस्त्राच्या क्रमांकासह. रिव्हॉल्व्हरचे पैसे बँकेत आले, एक पैसाही इकडचा तिकडे झाला नाही.

अण्णांचा परवाना ग्रामीण पत्त्याचा, म्हणून जिल्हाधिकाऱ्यांचा होता. मी शहरात राहते, म्हणून माझा अर्ज पोलीस आयुक्तालयात गेला आहे. हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडलं, कुलूपबंद कपाट भिंतीत ठोकून घेतलं. तोपर्यंत दुनळी काकांकडेच आहे, मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, अण्णांच्या नावाची चिठ्ठी बांधलेली. महिन्याच्या पहिल्या शनिवारी अकरा वाजता मी जाते. काकांचा मुलगा ती काढून समोर ठेवतो, मी उघडते, आत पाहते, फडकं घेते. उजव्या नळीतले खड्डे तसेच आहेत, वाढलेले नाहीत.