चापोरा की बेतुल?
गोव्यात मच्छीमारांच्या गावात चार दिवस काढायचे तर आपलं मत बेतुलला. चापोऱ्यालाही जेट्टी आहे, होड्या आहेत, वर १७१७ मधला पोर्तुगीज किल्ला, मोपा एअरपोर्टही त्याच बाजूला, पण वागातोर-हणजूण खेटून असल्यामुळे सीझनमधे रात्रभर म्युझिक आणि रेंटच्या स्कूटर्सची नुसती गर्दी, मग झोप कुठली.

बेतुलला साळ नदी समुद्राला मिळते, पलीकडे मोबोरची वाळू दिसते, ताजे शिणाणे (शिंपल्यांचाच एक प्रकार) मिळाले तर रवा लावून तळून घ्याच (चापोऱ्याला मासे मिळतात हो, नाही म्हणत नाही). उतरायचं मडगावला. कॅफे-बिफे मात्र कमीच.

दोन्हीकडे १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, तेव्हा माशांसाठी येऊ नका.