१००० व्हीएचा यूपीएस वापरतोय, कसा आहे ते सांगतो

डेस्कटॉप, मॉनिटर आणि राउटरसाठी लाइन इंटरॅक्टिव्ह (म्हणजे व्होल्टेज थोडं खालीवर झालं तर बॅटरी न वापरताच सावरणारा) यूपीएस घेतलाय. काम चोख आहे, लाईट गेली तर स्क्रीन लुकलुकतसुद्धा नाही, चालू काम जिथल्या तिथे. पण बॉक्सवर मोठ्ठा १००० छापलाय ना, त्याला भुलू नका, तो व्हीए म्हणजे व्होल्ट-अँपिअरचा आकडा आहे, वॉटचा नाही. मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरात ६०० वॉट लिहिलंय, खरी ताकद तेवढीच. ६०० व्हीएवाल्यात बऱ्याचदा ३६० वॉटच मिळतात आणि तगडं ग्राफिक्स कार्ड एकटंच ३०० खातं, मग लाईट जाताक्षणी यूपीएस ओव्हरलोड म्हणून बोंबलतो आणि सगळंच बंद, म्हणजे घेतला काय न घेतला काय.

बॅकअपचं म्हणाल तर माझ्या १५० वॉटच्या लोडवर जेमतेम अर्धा तास. आत १२ व्होल्ट ७ एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) दोन बॅटऱ्या आहेत, गुणाकार केला की १६८ वॉट अवर येतात, म्हणजे तासभर तरी चालायला हवा असं वाटतं. पण तो ७ चा आकडा बॅटरी २० तासांत हळूहळू रिकामी केली तर मिळणारा असतो, झटपट पिळायला गेलं की ती हात आखडता घेते, त्यात थोडी पॉवर इन्व्हर्टर तापण्यातच जाते. अर्थात फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करायला एवढं भरपूर झालं, आणि यूएसबी केबल जोडून ठेवली तर आपण जागेवर नसलो तरी तो आपोआप शटडाऊन करतो, हे फीचर मला सगळ्यात आवडलं.

न आवडलेलं म्हणजे बॅटरीवर असताना प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर, देत नाही. माझा एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) नुसता गुणगुणतो, पण अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाले (वीज नीट ओढायला खास सर्किट असलेले) काही एसएमपीएस अशा वेव्हवर ऐन वेळी मान टाकतात, तुमचा तसा असेल तर जास्त पैसे मोजा पण प्युअर साइनच घ्या. बीप तर अक्षरशः डोकं उठवतो. व्होल्टेज खालीवर झालं की रिले टकटक करतो, तो एव्हीआर (व्होल्टेज आपोआप सावरणारा भाग) त्याचं काम करतोय, घाबरू नका.

मागची निम्मी सॉकेट नुसती सर्जची (अचानक उसळलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारी) आहेत, बॅटरीची नाहीत, प्लग लावताना बघून लावा. लेझर प्रिंटर बॅटरीच्या सॉकेटला चुकूनही नको, त्याचा हीटर एकदम केवढा तरी करंट ओढतो.

बॅटरी स्क्रू काढून घरीच बदलता येते हे बरंय, कारण या लेड अ‍ॅसिड बॅटऱ्या दोन-चार वर्षांत जातातच, आणि गरम कोपऱ्यात कोंबून ठेवला तर आणखी लवकर.

फक्त राउटरच चालू ठेवायचा असेल तर मात्र एवढं धूड घेऊच नका हो, १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, त्यात डीसीचं एसी आणि परत डीसी ही भानगडच नाही, तेवढ्याच बॅटरीत राउटर जास्त वेळ चालतो. फक्त अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट, अँपिअर आणि पिन जुळतेय का तेवढं आधी बघा.