स्वतःचं डेटा सेंटर, भाड्याचा रॅक की क्लाउड? मोठ्या संस्थेनं ठरवावं कसं

जुन्या सर्व्हरची वॉरंटी संपत आली की मोठ्या संस्थेत हा विषय बैठकीत येतो, आणि बहुतेक वेळा चर्चा एकाच टोकाला जाते: सगळं क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या इंटरनेटवरून भाड्यानं मिळणाऱ्या सर्व्हरवर न्यायचं, नाहीतर काहीच नाही. माझं मत स्पष्ट आहे. हा निर्णय एकेका ॲप्लिकेशनचा असतो आणि तो त्याच्यावर येणाऱ्या लोडवरून, म्हणजे वापराच्या भारावरून घ्यावा.

लोड कसा आहे?

स्वतःचं हार्डवेअर घेताना आपण सर्वांत गर्दीच्या दिवसाचा हिशोब धरून खरेदी करतो आणि तो खर्च पुढची पाच-सहा वर्षं अंगावर बाळगतो. निकालाची वेबसाइट वर्षातून दोन दिवस कोसळेपर्यंत वापरली जाते आणि बाकी दिवस रिकामी असते. तिला क्लाउडच हवा. उलट हिशोबाचा मुख्य डेटाबेस रात्रंदिवस जवळपास सारखाच चालतो. तासाच्या दरानं भाडं भरत तो वर्षानुवर्षं क्लाउडवर ठेवणं सहसा महागात जातं. एक किंवा तीन वर्षांच्या वापराची हमी दिली तर अॅमेझॉन 72 टक्क्यांपर्यंत सूट देते, पण मग वापर कमी झाला तरी पैसे भरावेच लागतात. लवचीकपणा गेला की क्लाउडचा मोठा फायदाही गेला.

टेस्टिंगच्या मशीनचं गणित तर सरळ आहे. महिन्याचे तास साधारण 730. टीम 22 दिवस रोज दहा तास काम करत असेल तर वापर 220 तासांचा. रात्री आणि सुट्टीला मशीन आपोआप बंद होतील अशी सोय केली तर चालू तासांचं बिल जवळपास 70 टक्क्यांनी उतरतं. ती सोय न करताच मशीन क्लाउडवर हलवली तर काहीच वाचत नाही, आणि हे फार ठिकाणी घडतं.

दोन्ही बाजूंची उदाहरणं समोर आहेत. 2008 मध्ये डेटाबेस बिघडून डीव्हीडी पाठवणं तीन दिवस अडल्यावर नेटफ्लिक्सनं अॅमेझॉनच्या क्लाउडकडे जायला सुरुवात केली आणि जानेवारी 2016 मध्ये ते काम संपवलं. ऑनलाइन फाइल साठवण्याची सेवा देणारी ड्रॉपबॉक्स त्याच सुमाराला उलट्या दिशेनं गेली. बहुतेक फाइल तिनं स्वतःच्या यंत्रणेवर आणल्या आणि दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचल्याचं शेअर बाजाराच्या कागदपत्रांत नोंदवलं. दोघांचेही निर्णय बरोबर होते, कारण लोड वेगळे होते. नेटफ्लिक्ससुद्धा व्हिडिओ प्रेक्षकापर्यंत पोचवते ते स्वतःच्याच सर्व्हरमधून, हे मात्र बैठकीत कोणी सांगत नाही.

अंतराचा फटका

ॲप्लिकेशन क्लाउडवर आणि डेटाबेस मात्र जुन्याच जागी, ही अर्धवट हलवाहलव सर्वांत जास्त त्रास देते. फायबरमधून सिग्नल एका मिलिसेकंदात साधारण 200 किलोमीटर जातो. म्हणजे 1000 किलोमीटरवर जाऊन-येऊन किमान 10 मिलिसेकंद. एक स्क्रीन उघडताना डेटाबेसकडे एकापाठोपाठ 200 क्वेरी, म्हणजे माहितीच्या मागण्या, जात असतील तर नुसत्या प्रवासातच दोन सेकंद गेले. एकाच खोलीत असताना हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. एकमेकांशी सतत बोलणाऱ्या यंत्रणा एकत्रच हलवाव्यात, नाहीतर हलवूच नयेत.

कोलोकेशन

हाच भाड्याचा रॅक, म्हणजे सर्व्हर बसवायची चौकट: जागा, वीज, कूलिंग, जनरेटर दुसऱ्याचे, सर्व्हर आपले. स्थिर लोड असलेल्या आणि नवी इमारत बांधायची नसलेल्या संस्थेला हा पर्याय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. टिअर 3 (डेटा सेंटरच्या भरवशाच्या चार पायऱ्यांमधली तिसरी) दर्जाच्या केंद्राशी जोडला जाणारा 99.982 टक्के वेळ चालू राहण्याचा आकडा वर्षाला साधारण दीड तास बंद इतका होतो. हार्डवेअर बिघडलं तर जबाबदारी आपलीच.

बंद पडणं आणि बाहेर पडणं

क्लाउड बंद पडत नाही, हा समज सोडून द्यावा. फेब्रुवारी 2017 मध्ये एका चुकीच्या कमांडमुळे अॅमेझॉनची एस3 ही फाइल साठवण्याची सेवा अमेरिकेतल्या एका भागात काही तास कोलमडली. मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीची डेटा सेंटरची एक इमारतच जळाली. मे 2024 मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियन पेन्शन फंडाची गूगल क्लाउडवरची खाजगी यंत्रणाच पुसली गेली. दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेला बॅकअप तेव्हा त्यांच्या उपयोगी पडला. पर्याय कोणताही निवडा, एक बॅकअप वेगळ्या कंपनीकडे, वेगळ्या लॉगिनखाली हवाच.

बाहेर पडायचा हिशोब आत जातानाच करावा. 100 टेराबाइट डेटा 1 गिगाबिटच्या लाइनवरून पूर्ण वेगानं काढायचा तरी नऊ दिवसांहून जास्त लागतात. कायमचं सोडून जाणाऱ्या ग्राहकाचं डेटा बाहेर नेण्याचं शुल्क माफ करण्याची घोषणा गूगल आणि अॅमेझॉननं 2024 मध्ये केली, पण रोजच्या कामात बाहेर जाणाऱ्या डेटाचं बिल येतच राहतं. आणि अडकणं फक्त क्लाउडवरच होतं असंही नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉम कंपनीनं व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवायचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) विकत घेतली आणि कायमस्वरूपी लायसन्स विकणं थांबवलं. स्वतःच्या खोलीत स्वतःचे सर्व्हर असलेल्या संस्थांनाही त्यानंतर नव्यानं गणित मांडावं लागलं.

कोणतंही कोटेशन मागवण्याआधी निदान तीन महिने प्रत्येक ॲप्लिकेशनचा सीपीयू, मेमरी, डिस्क आणि बाहेर जाणारा डेटा तासागणिक मोजून ठेवा. त्यात महिनाअखेर यायलाच हवी, आणि वर्षअखेर जवळ असेल तर तीही. ते आकडे हातात नसताना विक्रेत्याच्या कॅल्क्युलेटरवर बसू नका, कारण त्यात लोडचा आकडा आपणच भरायचा असतो.