जुन्या एमजीबीला पट्ट्यावरचा फॅन बरा की इलेक्ट्रिक?

सोलापूरचा मे महिना म्हणजे पारा बेचाळीसला, त्यात सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी उभी राहिली की टेंपरेचरचा काटा चढायला लागतो आणि जीव खालीवर होतो बघा. माझी एमजीबी (ब्रिटिश एमजी कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार) १७९८ सीसीची, रेडिएटरला हवा देणारा कंपनीचा फॅन पट्ट्यानं फिरणाऱ्या वॉटर पंपाच्या पुलीवर, म्हणजे इंजिन जेवढं फिरेल तेवढाच फॅन फिरणार. आयडलला, म्हणजे गाडी उभी राहून इंजिन मंद चालू असताना, जिथं हवा सगळ्यात जास्त लागते, तिथंच तो हळू, आणि पुणे हायवेला समोरून फुकट वारा येत असतो तेव्हा हा गरगर फिरून पॉवर खातो, कारण स्पीड दुप्पट झाला की फॅनला लागणारी ताकद जवळजवळ आठपट होते.

इलेक्ट्रिक फॅन सेन्सरवर चालतो, पाणी नव्वद अंशांच्या आसपास गेलं की सुरू, थंड झालं की बंद, सिग्नलला पण फुल स्पीड. पण हा करंट खातो, दहा-पंधरा अँपियर सहज! १९६७ च्या आधीच्या एमजीबींना बॅटरी चार्ज करायला डायनामो (अल्टरनेटरच्या आधीचा जुना जनरेटर), तोही २२ अँपियरचा आणि आयडलला जवळपास चार्जिंगच नाही, मग हेडलाइट लावून ट्रॅफिकमध्ये बॅटरी बसणारच. शिवाय त्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं, वायरी नेहमीसारख्या जोडल्या तर फॅन उलटा फिरतो. रेडिएटरसमोर कागद धरून बघा, हवा इंजिनकडं गेली पाहिजे. रिले (जास्त करंट झेलणारा स्विच) आणि फ्यूज लावल्याशिवाय तर हातच घालू नका.

गावात रोज फिरवायची आणि अल्टरनेटर असेल तर माझं मत इलेक्ट्रिकलाच. डायनामोवाल्यांनी आधी रेडिएटर साफ करून श्राउड (हवा रेडिएटरमधूनच ओढली जावी म्हणून फॅनभोवतीचं कव्हर) बसवावा, पट्ट्यावरचाच फॅन चांगला चालतो.